बाइकचं स्टार्टचं बटण दाबलं की नुसतं टक-टक, शनिवारी पहाटे गुहागरला निघायचंय. नवीन बॅटरीच घ्यावी का?

उद्या सकाळी थेट दुकानात जाऊन बॅटरी घेणार असाल तर एक दिवस थांबा. आज बुधवार आहे, तपासायला पुरेसा वेळ आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: १५० सीसीची एफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली) गाडी, चार वर्षांची, बॅटरी पहिलीच, पावसाळाभर पार्किंगमध्ये उभी. किक नाही. बटण दाबलं की मीटरचे दिवे मंदावतात आणि टक-टक आवाज येतो. म्हणजे बॅटरी उतरली आहे हे जवळपास नक्की. ती का उतरली, हे मात्र अजून कळलेलं नाही. नुसती उभी राहून उतरली, वय झालं म्हणून चार्ज धरत नाही, की गाडीच तिला चार्ज करत नाही? हे तिसरं कारण असेल तर नवी कोरी बॅटरीसुद्धा तुम्हाला वाटेतल्या कुंभार्ली घाटापर्यंत पोचवणार नाही.

हे मी भोगलंय म्हणून इतकं कळकळीने लिहितोय. २०१९च्या दिवाळीत याच रस्त्याने चिपळूणला निघालो होतो. गाडी कार्ब्युरेटरवाली, २०१८ची. निघायच्या आदल्या संध्याकाळी सेल (सेल्फ स्टार्टर) लागेना, म्हणून घाईघाईत नवी बॅटरी टाकली. एका दाबात गाडी सुरू झाली आणि मी निश्चिंत झालो. पहाटे पुण्याहून निघालो. साताऱ्याला चहा घेऊन परत बटण दाबलं तर सेल जरा जड वाटला. थंडी असेल म्हणून सोडून दिलं. पुढे हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायला लागला, इंडिकेटर रेंगाळायला लागले, मग इंजिन मिसिंग करू लागलं आणि उंब्रजच्या अलीकडे गाडी बंद पडली. किक मारून मारून पाय दुखायला लागला.

ढकलत फाट्यावर आणली. तिथल्या वायरिंगवाल्या काकांनी बॅटरीला हातही लावला नाही. बाजूचं कव्हर काढलं, रेक्टिफायरचा (इंजिनवर तयार झालेली वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा भाग) कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, ओढून काढला आणि माझ्यासमोर धरला. एक पिन काळी ठिक्कर पडलेली, भोवतीचं पांढरं प्लास्टिक पाघळून तपकिरी होऊन पिनेवर ओघळलेलं, आणि जळका वास. मॅग्नेटमधून (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणारा भाग) करंट तयार होत होता, पण बॅटरीपर्यंत पोचतच नव्हता. नंतर हिशेब केला. बॅटरी ९ एएचची (अँपिअर-तास). २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट सतत चालू असतो, तो ३५ वॉटचा, म्हणजे जवळपास ३ अँपिअर. त्यात मागचा दिवा आणि इग्निशन धरलं की चार-साडेचार अँपिअर. दोन तासांत बॅटरी रिकामी. मी तेवढाच वेळ रस्त्यावर होतो. जी जुनी बॅटरी मी दुकानात देऊन आलो होतो, ती बहुधा चांगलीच होती.

म्हणून आधी एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणा. इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात तीन-चारशे रुपयांत मिळतो. आणि तो लावायच्याही आधी सीट किंवा कव्हर काढून बॅटरीचे दोन्ही स्क्रू हाताने हलवून बघा. पावसाळाभर उभ्या गाडीत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढलेली असते, किंवा स्क्रू ढिला झालेला असतो, आणि नुसत्या तेवढ्यानेही अशीच टक-टक होते. पूड असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, स्क्रू घट्ट पिळा, वरून थोडं व्हॅसलीन लावा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना चासीला टेकला तर ठिणगी उडून शॉर्ट होतं.

आता व्होल्टेज. गाडी बंद असताना, मीटर डीसी २०च्या रेंजवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी, १२च्या खाली म्हणजे रिकामीच. १०.५ किंवा त्याखाली असेल तर बॅटरीच्या आतल्या सहा सेलपैकी (कप्प्यांपैकी) एक गेल्याची शक्यता मोठी आहे, कारण एका सेलचे जवळपास २ व्होल्ट असतात. तुमचा आकडा बहुधा ११च्या आसपास येईल. तीन-चार महिन्यांत घड्याळ आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) थेंब-थेंब करंट खातात, वर बॅटरी स्वतःहूनही उतरते. जीपीएस ट्रॅकर किंवा बाहेरून बसवलेला मोबाइल चार्जर असेल तर फार लवकर उतरते. तसं काही लावलंय का, तेही बघा.

आज रात्री ती चार्जिंगला लावा. नियम सोपा आहे: बॅटरी जितक्या एएचची, त्याच्या दहाव्या भागाइतका करंट. ९ एएचला ०.९ अँपिअर, आणि दहा-बारा तास. कारच्या बॅटऱ्यांच्या चार्जरवर लावून "तासाभरात करून देतो" म्हणणाऱ्याकडे देऊ नका. लहान सीलबंद बॅटरी त्यात तापते, फुगते आणि कायमची जाते. घरी चार्जर नसेल तर बॅटरीवाल्याला स्पष्ट सांगा, रात्रभर कमी करंटवर ठेवा. घरीच करणार असाल तर खिडकी उघडी ठेवा आणि जवळ आगपेटी, बिडी, सिगारेट काही नको. चार्ज होताना हायड्रोजन निघू शकतो.

सगळे चुकतात ते यापुढच्या पायरीवर. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजू नका. तेव्हा मेलेली बॅटरीसुद्धा १३ दाखवते. गुरुवारी सकाळी काढा, कशालाही न जोडता दिवसभर नुसती ठेवा आणि रात्री मोजा. १२.६च्या वर टिकली तर आशा आहे. १२.३पर्यंत घसरली तर ती चार्ज धरत नाही. आत प्लेटांवर सल्फेटचे खडे धरले असतील, ते पुन्हा विरघळत नाहीत. मग गाडीत बसवा, मीटर टर्मिनलवरच ठेवा आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. सेल फिरताना आकडा ९.५-१०च्या वर राहायला हवा. झपकन ८ किंवा ७ वर आला तर ती बॅटरी घेऊन घाटात जाऊ नका.

गाडी सुरू झाली की मीटर काढायची घाई करू नका. मला उंब्रजला शिकावं लागलं ते यातच आहे. आयडलवर आकडा बघा, मग ॲक्सिलरेटर देऊन चार-पाच हजार आरपीएमवर बघा. १३.५ ते १४.५च्या मध्ये असेल तर चार्जिंग ठीक आहे. १२.५वरच अडकला आणि हळूहळू उतरतोय, तर करंट बॅटरीपर्यंत येत नाहीये. रेक्टिफायरचा कपलर, त्याची वायरिंग, मग मॅग्नेट कॉइल, या क्रमाने तपासून घ्या. १५च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरून धरणारा भाग) बिघडलाय, तो नव्या बॅटरीलाही उकळवून टाकेल.

एक कृपा करा. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "बघा, गाडी चालतेय म्हणजे चार्जिंग ओके" असं दाखवणारे मेकॅनिक अजून आहेत. जुन्या गाड्यांना ते चालून जायचं. एफआय गाडीत तसं केलं की व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो. तुमच्या गाडीला हे करू देऊ नका.

चार्जिंग ठीक आणि बॅटरीच नापास झाली, तर शुक्रवारी सकाळीच नवी घ्या. एएच तेवढेच आणि पॉझिटिव्ह टर्मिनल त्याच बाजूला. तारीख बघा, बनून सहा महिन्यांच्या आतली असावी. दुकानातच मीटर लावा, १२.५च्या खाली असेल तर दुसरी मागा. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख घ्या. जुनी त्यांनाच द्या, बिलात थोडे कमी होतात आणि आतलं शिसं नि ॲसिड भंगाराच्या गोणीत जात नाही. मग संध्याकाळी कात्रज-खेड शिवापूरपर्यंत एक फेरी मारून या, गाडी पंधरा मिनिटं बंद ठेवा, परत सुरू करा आणि घरी येऊन पुन्हा मोजा.

वाटेत अडलातच तर धक्का मारण्याबद्दल खोटी खात्री बाळगू नका. एफआय गाडीत आधी पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाला आणि ईसीयूला करंट लागतो. चावी फिरवल्यावर पंपाचा बारीक झूं आवाज येत असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये उतारावर धक्का लागू होतो. गाडीच्या मीटरचे दिवेच पेटत नसतील तर धावून दमाल, हाती काही लागणार नाही. तेव्हा जम्पर वायर हवी: लाल आधी तुमच्या पॉझिटिव्हला, मग समोरच्याच्या पॉझिटिव्हला, काळी समोरच्याच्या निगेटिव्हला, मग तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला. समोर कार असेल तर तिचं इंजिन बंदच ठेवायला सांगा. पाटण, कोयनानगरला चहाला थांबाल तेव्हा गाडी उताराकडे तोंड करून लावा. दहाचा पाना, स्क्रूड्रायव्हर आणि दोन सुटे फ्यूज बॅगेत असू द्या.

गुरुवारी रात्रीचा आकडा, सेल फिरतानाचा आकडा आणि चार-पाच हजार आरपीएमचा आकडा, हे तीन इथे लिहा. बॅटरी घ्यायची की कपलर उघडायचा, ते शुक्रवारी सकाळी दुकानं उघडायच्या आत सांगतो.