मोबाइलचा पासवर्ड आणि ‘साक्षीदार’

पुण्यात कायदा शिकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: पोलिसांनी मागितला तरी आरोपीने मोबाइलचा पासवर्ड सांगायचा नाही, असा जो हक्क सांगतात, त्याला मराठीत ‘आत्मदोषारोपण’ म्हणावे की ‘कबुलीजबाब’?

दोन्ही नकोत. आत्मदोषारोपण म्हणजे स्वतःलाच बोल लावून घेणे. त्यात सक्तीचा वासही नाही. कबुलीजबाब गुन्हा मान्य केला तर. नुसता पिन सांगून कोणी गुन्हा कबूल करत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मध्ये नेमका शब्द आहे: आरोपीवर स्वतःविरुद्ध ‘साक्षीदार’ होण्याची सक्ती करता येत नाही.

यावर शंका येईल, की साक्ष शिवाजीनगर कोर्टात देतात, चौकीत नोंदवतात तो जबाब. रोजच्या बोलण्यात हा फरक खराच. पण हे संरक्षण पोलीस चौकशीतही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या नंदिनी सत्पथी खटल्यात सांगितले. तेव्हा इथे ‘साक्ष’ चौकीतही चालते.

पाणिनीने ‘साक्षी’ शब्द ‘साक्षात् पाहणारा’ या अर्थी दिला आहे. म्हणजे ज्याला स्वतःला ठाऊक आहे, तो. न्यायालयाची कसोटीही याच्या फार जवळ जाते. काथी कालू ओघड खटल्यात (१९६१) अकरा न्यायाधीशांच्या पीठापुढे अंगठ्याचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने यांचा प्रश्न होता. ते घेणे म्हणजे साक्ष नव्हे, असे ठरले. त्यातून आरोपी स्वतःची माहिती सांगत नाही.

आता हाच मोबाइल घ्या. पिन डोक्यात असतो, बोट हाताला. २०२२ मध्ये दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने पासवर्डची सक्ती नाकारली, बोटाच्या ठशाची मान्य केली. त्याआधी २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने वीरेंद्र खन्ना प्रकरणात पासवर्ड देणे ही साक्षच नव्हे, असे म्हटले होते. मला दिल्लीचे म्हणणे पटते, पण अर्धेच. १९६१ चा ठसा जुळवून पाहण्यासाठी होता. सेन्सरवर टेकवलेले बोट ही किल्ली आहे. त्याने फोटो, बँक, घरच्यांशी झालेले बोलणे, सगळे एका क्षणात उघडते. दोन्हींना एकच ‘ठसा’ म्हणणे मला धोक्याचे वाटते.

तुम्ही ‘स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण’ असे लिहा. लांबले तरी चालेल. आणि न्यायालयांची मते अशी वेगवेगळी असताना ‘पासवर्ड न देणे हा आरोपीचा हक्क आहे’ असे सरसकट लिहू नका. कोणत्या न्यायालयाने म्हटले, ते सोबत द्या.