चौघांच्या घरात कमी खर्चात, रोज पौष्टिक खाणं कसं जमवावं?

मोडाच्या मटकीपासून सुरुवात करा. पाव किलो मटकी निवडून, धुऊन रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी चाळणीत उपसून पाणी पूर्ण निथळू द्या, मग ओलसर सुती फडक्यात सैल बांधा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत दीड दिवसही लागतो. मटकी दुपटीहून जास्त फुगते, त्यामुळे एका वेळची उसळ होऊन दुसऱ्या दिवशीच्या भेळेलाही उरते.

मटकी बुळबुळीत होऊन वास येतो, कारण पाणी तळाशी राहिलेलं असतं किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात हवा खेळत नाही. अशी मटकी सरळ टाकून द्या. मुलांना कच्चे मोड देऊ नका, आधी चांगले वाफवून घ्या. वरून लिंबू पिळाच, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो नेमकं उलटं करतो.

मधल्या वेळेला बिस्किटांऐवजी दाण्याचे लाडू: एक वाटी भाजलेल्या दाण्यांचं कूट, अर्धी वाटी किसलेला गूळ. मिक्सर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवला तर तेल सुटतं.