लग्नाला जाताना कोणता रंग? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

लग्नसराईच्या तोंडावर रंगांबद्दल पुष्कळ पत्रं आली. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : जवळच्या मैत्रिणीचं लग्न आहे, मुहूर्त सकाळचा. माझ्याकडे एकच पैठणी आहे, पिवळी, हिरव्या काठाची. नेसू का? (नाशिक)

मुहूर्ताला नको. बहुतेक मराठी घरांत नवरी गौरीहराला आणि मंगलाष्टकांना पिवळी साडी नेसते. ही अष्टपुत्री, पुष्कळदा मामाकडून आलेली. तिच्या शेजारी पिवळी पैठणी नेसून उभं राहिलात, तर फोटोत दोन पिवळ्या दिसणार. हळदी, मोहरी, आंबा, लिंबू या छटा हातात घेतल्या की वेगळ्या वाटतात, पण मांडवाच्या पिवळ्या दिव्यांखाली सगळ्या एकाच घरातल्या होतात. तेव्हा ‘माझा पिवळा जरा वेगळा आहे’ हा हिशेब चालत नाही.

मैत्रिणीला सरळ तीन गोष्टी विचारा: मुहूर्ताला कोणता रंग, नंतरचा शालू कोणता आणि रिसेप्शनला काय. घराघरांत क्रम वेगळा असतो. कुठे विधी झाल्यावर हिरवा शालू, कुठे लाल, कुठे थेट नऊवारीच. तिने सांगितलेले रंग सोडले की उरलेलं सगळं तुमचं. सकाळच्या मुहूर्ताला अंजिरी, जांभळा, मोरपंखी आणि मिठाई गुलाबी हे रंग छान उठून दिसतात. पैठणी संध्याकाळी नेसा, तेव्हा नवरीचा पिवळा रंग बदललेला असेल.

हिरव्याबद्दलही बरेच जण विचारतात. हिरवा शुभच, पाहुण्यांनी जरूर नेसावा. फक्त गडद हिरवा आणि अंगभर जर असा जोड नवरीच्या शालूसाठी सोडा. पोपटी, शेवाळी, पिस्ता बिनधास्त नेसा. खरं तर एकट्या रंगापेक्षा सगळा साज मिळून नवरीची आठवण करून देतो. पिवळी नऊवारी, नथ आणि कोपरापर्यंत हिरवा चुडा हे तिन्ही एकत्र आले की अंतरपाटाजवळ गोंधळ होतोच. यांतलं एखादंच घाला.

प्रश्न : रिसेप्शनला काळी चंद्रकळा नेसायची इच्छा आहे. सासूबाई नको म्हणतात. (पुणे)

सासूबाईंचं ऐका, असं आमचं मत. काळी, लाल काठाची चंद्रकळा ही संक्रांतीची साडी, तिथे तिचा मान मोठा. मंगलकार्यात मात्र अजूनही अनेक घरांना काळा रंग खटकतो आणि तिथे यजमानांच्या मनाला जपायचं असतं. समवयस्क मित्रमंडळींच्या रिसेप्शनला शहरात काळा चालतो. पण तोही नवरा-नवरीने स्वतः ‘चालेल’ म्हटलं असेल तरच.

काळ्याऐवजी लोक गडद निळा, वांगी किंवा बॉटल ग्रीन घेतात. इथे फसगत होते. पिवळ्या दिव्यात निळ्याचा कस आधी जातो, म्हणून नेव्ही ब्लू रात्रीच्या लॉनवर चक्क काळा दिसतो. घरी तपासा: खोलीत एकच पिवळा बल्ब लावा, साडीशेजारी काळी छत्री धरा आणि चार-पाच पावलं मागे जाऊन बघा. दोन्हींतला फरक कळत नसेल, तर ती साडी काळीच समजा. मरून आणि लालसर वांगी या परीक्षेत बहुधा टिकतात, कारण त्यांतला लाल पिवळ्या उजेडात खुलतो. काठाला किंवा बुट्टीला थोडा काळा असेल, तर कुणी हरकत घेत नाही.

प्रश्न : सहकाऱ्याचं लग्न बौद्ध पद्धतीने आहे. पांढरी साडी नेसली तर चालेल ना? आमच्याकडे लग्नात पांढरं टाळतात. (नागपूर)

चालेल, आणि शोभेलही. महाराष्ट्रातल्या बौद्ध विवाहात नवरा-नवरी सहसा पांढऱ्याच वस्त्रांत असतात आणि पाहुण्यांतही पुष्कळ जण पांढरं घालतात. त्रिशरण-पंचशील होताना सगळी सभा शुभ्र दिसते. निळ्या किंवा जांभळ्या काठाची पांढरी सुती वा सिल्क साडी उत्तम. तुम्ही रंगीत नेसलात तरी कुणाला वावगं वाटणार नाही. शांत, कमी जरीचा रंग निवडा.

पांढऱ्या साडीत चुका होतात त्या छटेच्या. नीळ दिल्यासारखा लख्ख पांढरा आणि मोतिया पांढरा एकत्र वापरू नका. लख्ख ब्लाउजशेजारी मोतिया साडी मळकट वाटते, एलईडीच्या पांढऱ्या उजेडात तर जास्तच. परकर जाड पॉपलीनचा, साडीच्याच छटेचा, साडीच्या खालच्या काठापेक्षा इंचभर आखूड. ब्लाउजला अस्तर पांढऱ्याऐवजी अंगाच्या रंगाचं लावा, म्हणजे आतलं काही दिसत नाही.

पांढरं कुठे टाळायचं हेही सांगतो. वसई किंवा गोव्यातल्या चर्चमधल्या लग्नाला पांढरा आणि फिका मोतिया टाळा, तो नवरीच्या गाऊनचा रंग. गुजराती लग्नात नवरीचं पानेतर पांढरं, लाल काठाचं असतं, म्हणून आईची पांढरी-लाल बांधणी त्या दिवशी कपाटातच राहू द्या.

प्रश्न : हळदीला पिवळा ड्रेस घातला, घरी येऊन साबण लावला तर डाग लालभडक झाले. कापडाचा रंग गेला का? (सांगली)

रंग गेलेला नाही. हळदीतलं कर्क्युमिन साबण-सोड्यासारख्या अल्कलीत लाल होतं. भरपूर पाण्याने साबण काढून टाका, शेवटच्या पाण्यात थोडा लिंबाचा रस घाला, डाग परत पिवळे होतील.

आता ते घालवण्याचा क्रम. लग्नातली हळद बहुधा तेलात कालवलेली असते, म्हणून आधी तेल काढायचं. डागावर भांड्यांचा द्रव साबण लावून पंधरा मिनिटं ठेवा, हलक्या हाताने चोळा आणि थंड पाण्याने धुवा. गरम पाणी नको, डाग पक्का बसतो. मग कापड ओलं असतानाच कडक उन्हात वाळत घाला. कर्क्युमिन उजेडात विटतं, दोन-तीन वेळा धुऊन वाळवलं की सुती कापडावरचा डाग बहुतेक दिसेनासा होतो. पक्क्या रंगाच्या कपड्यालाच हे करा. आधी आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल दाबून बघा. रुमालाला रंग लागला, तर घरी काही करू नका.

सिल्कवर यातलं काहीच नको. ओली हळद चमच्याच्या पाठीने हलकेच उचला, चोळू नका. वाळल्यावर ड्रायक्लीनला द्या आणि डाग हळद-तेलाचा आहे हे आवर्जून सांगा. मुळात हळदीला धुता येणारं, छापील पिवळं सुती कापड निवडणंच शहाणपणाचं. उरलासुरला डाग त्यात लपून जातो.

प्रश्न : दुकानात राणी रंगाची वाटलेली साडी घरी लालसर दिसते. (मुंबई)

साडी उचलून दुकानाच्या दारात नेऊन बघायला हवी होती. दुकानदार हरकत घेत नाहीत. पुष्कळ सिल्क साड्यांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणजे आपली धूपछाँव. ताग्यावर दिसतो तो एकच रंग, निऱ्या घातल्या की दुसरा वर येतो. म्हणून घेताना पदर सोडून खांद्यावर टाका, पाच-सहा निऱ्या हातात धरा आणि त्या हलवून बघा.

लग्नाची वेळही लक्षात घ्या. गोरज मुहूर्ताला तासाभरात ऊन जाऊन दिवे लागतात, तिथे दोन्ही उजेडांत टिकणारा रंग हवा. राणी, किरमिजी आणि मोरपंखी बरे, फिका आकाशी रात्री राखाडी पडतो. ब्लाउजपीस जुळवायला साडीच न्या, फोनमधला फोटो नको. आणि लग्नसराईत शिंप्याकडे किमान पंधरा दिवस आधी द्या. फॉल सुती असेल तर लावण्याआधी पाण्यातून काढून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून काठ गोळा होतो.