लेकरू जपानमध्ये रडतंय, परत बोलवू का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही औसा तालुक्यातले. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, लातूरला क्लास लावून जपानी शिकली आणि निवड होऊन तीन महिन्यांसाठी जपानला गेली. टोकियोच्या वरच्या अंगाला इबाराकी म्हणून भाग आहे तिथं एका कुटुंबात राहते. जाऊन आठवडा नाही झाला आणि रोज फोनवर रडते. माझं ब्लाउज शिवायचं काम रात्री दहाला आटपतं मग मी फोन लावते. म्हणते मम्मी इथं माझ्याशी कुणी जास्त बोलत नाही, मलाही काही सुचत नाही, शाळेत झोप येते. पहिल्याच दिवशी तिनं टबात बसून साबण लावून अंघोळ केली आणि नंतर पाणी सोडून दिलं, ते पाणी म्हणे घरातल्या सगळ्यांसाठी होतं. तिथल्या आईनं काही न बोलता परत टब भरला, पण हिच्या मनाला ते फार लागलंय. आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा चालत नाही, तिथल्या सूपमध्ये माशाचं काहीतरी असतं हे कळल्यापासून नुसता भात खाते. त्यात परवा रात्री तिथं जमीन हलली. तिनं सहज सांगितलं, पण माझ्या सासूबाई किल्लारीच्या भूकंपातून वाचलेल्या, त्यांचा सख्खा भाऊ त्यात गेला, त्यांनी दोन दिवस झाले अन्न सोडलंय, लेकराला आधी घरी आण म्हणतात. मिस्टर म्हणतात पैसे गेले तरी चालतील, तिकीट काढतो. काय करू?
एक आई, जि. लातूर

उत्तर : ताई, तिकीट काढू नका. निदान अजून दोन आठवडे तरी नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यात मला लेकरू संकटात आहे असं काही दिसलं नाही, लेकरू दमलंय आणि लाजलंय हे मात्र ओळीओळीत दिसलं.

सगळ्यात आधी तुमच्या फोनची वेळ बघा. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं आहे. तुम्ही रात्री दहाला फोन लावता तेव्हा तिकडं दीड वाजलेला असतो. म्हणजे ते लेकरू तुमच्या फोनसाठी मध्यरात्रीपर्यंत जागं राहतं, अर्धा तास रडतं, मग दोन-अडीचला झोपतं आणि शाळेसाठी साडेसहाला उठतं, जेव्हा तिच्या शरीराला अजून औशातले पहाटेचे तीनच वाजलेले वाटत असतात. शाळेत झोप येणार नाही तर काय होईल? आणि पूर्वेकडं प्रवास केला की शरीराचं घड्याळ जुळायला तसाही जास्त त्रास होतो, कारण लवकर झोपायला शिकावं लागतं. त्यामुळं फोन तुमच्या दुपारी साडेतीन-चारला करा, मशीन पंधरा मिनिटं थांबली तर थांबू द्या, तेव्हा तिकडं सात-साडेसात वाजलेले असतात, ती शाळेतून आलेली असते. आणि रोज नको. एक दिवसाआड करा, मधल्या दिवशी एखादा व्हॉइस मेसेज टाका. तिला सांगा सकाळी उठल्या उठल्या पडदा उघडून उजेडात ये, दुपारी घरी येऊन आडवी होऊ नको. झोप नीट लागली की रडणं निम्म्यानं कमी होतं, हे मी परदेशी गेलेल्या पोरापोरींच्या बाबतीत बघत आलेय.

दुसरं, फोनवर "जेवलीस का, कुणी काही बोललं का, आठवण येते का" असं विचारू नका हो. असं विचारलं की आवंढा येतोच. त्यापेक्षा आज डब्यात काय होतं, सायकल मिळाली का, तिथल्या आजीचं वय काय, घरातलं मांजर कुठं झोपतं, असं विचारा. सांगता सांगता तिलाच कळेल की दिवसात बरंच काही झालं.

आता अंघोळीचं. तिला आजच सांगा की हे जवळजवळ प्रत्येक परदेशी पाहुण्याच्या हातून होतं आणि तिकडच्या घरांना त्याची सवय असते. जपानी घरात टब अंग धुण्यासाठी नसतोच. टबाच्या बाहेर छोट्या स्टुलावर बसायचं, शॉवरनं किंवा भांड्यानं पाणी घेऊन साबण, केस सगळं तिथंच धुवायचं, साबणाचा फेस पूर्ण काढायचा, आणि मग स्वच्छ अंगानं त्या गरम पाण्यात नुसतं बसायचं. तेच पाणी मग घरातले एकेक जण वापरतात, म्हणून टबावर झाकण ठेवतात की ऊब जाऊ नये, काही घरांत तर उरलेलं पाणी सकाळी कपडे धुवायच्या मशीनला घेतात. आपल्याकडं लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आलं होतं, त्या गावची पोरगी आहे ती, पाण्याचा असा हिशोब तिला लगेच पटेल. आणि पाहुण्याला बरेचदा सगळ्यात आधी अंघोळीला पाठवतात, तो मान असतो. त्या बाईंनी काही न बोलता टब भरला म्हणजे त्या रागावल्या असं अजिबात नाही, तुमची पोरगी खजील होऊ नये म्हणून गप्प राहिल्या असतील. तिनं एकदा जाऊन "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, म्हणावं आणि कसं करायचं ते दाखवा असं विचारावं. एकदा विचारलं की पुढचं बोलणं सुरू होतं.

कुणी बोलत नाही याचंही तेच आहे. क्लासमध्ये शिकलेलं जपानी आणि घरात जेवताना चौघं भराभर बोलतात ते जपानी यात खूप फरक असतो, दिवसभर कान लावून बसलं की संध्याकाळी डोकं बधिर होतं आणि माणूस गप्प होतो. समोरच्यांना वाटतं हिला एकटं राहायचंय, तेही गप्प. यावर उपाय म्हणजे खोलीत बसायचं नाही. दार लावून फोन बघत बसणं पहिल्या आठवड्यात सगळ्यात वाईट. घरी आली की मोठ्यानं "तादाइमा", म्हणजे मी आले, म्हणायचं, तिथली माणसं "ओकाएरि", आलीस का, म्हणतीलच, मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी पुसायला, ताटं मांडायला उभं राहायचं. हाताला काम असलं की भाषा कमी लागते.

जेवणाचं जरा गंभीर आहे, कारण नुसत्या भातावर तीन महिने निघणार नाहीत. तुमच्या लेकीला कळलं ते बरोबर आहे, मिसो सूप असो की शिजवलेली भाजी, बहुतेक सगळ्यात दाशी म्हणून पाणी असतं आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाच्या कातळ्यांपासून केलेलं असतं. आणि तिकडं नुसतं शाकाहारी म्हटलं की लोक मटण-चिकन काढतात, मासा राहू देतात, त्यांच्या मनात खोट नसते. म्हणून तिनं स्पष्ट सांगायचं, "निकु मो साकाना मो ताबेमासेन", मांस पण नाही आणि मासे पण नाही, अंडी नाहीत तेही सांगायचं, आणि माशाची दाशीसुद्धा चालत नाही हे कागदावर लिहून फ्रिजवर लावायचं. कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीची किंवा वाळलेल्या शिताके मशरूमची दाशीही असते, ती त्या घरातल्या आईला सहज करता येते, फक्त कुणी सांगितलं तर पाहिजे. टोफू, भिजवून उकडलेलं सोयाबीन, कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, रताळं, भोपळा, हे सगळं तिकडं रोजचं आहे. मराठवाड्यात एवढं सोयाबीन पिकतं आणि आपण ते आडतीवर घालून मोकळे होतो, तिकडं पोरगी ते चवीनं खाऊन येईल. तिनं बॅगेत शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी नेली असेल तर ती एकटीनं खोलीत खाऊ नये, टेबलावर ठेवावी. एखाद्या रविवारी त्यांच्यासाठी चुरमुऱ्यांची सुशीला किंवा वरण-फळं करू द्या, कणीक आणि डाळ तिकडं मिळते.

आता सासूबाईंचं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांना "काही होत नाही हो आई" असं म्हणून गप्प करू नका. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट त्यांनी अंगावर घेतलीय, विसर्जनाची रात्र उलटून लोक झोपलेले आणि चारच्या आधी सगळं कोसळलं, त्यांची भीती खरी आहे. त्यांच्याजवळ बसा आणि त्यांनाच विचारा की त्या रात्री माणसं कशानं गेली. त्याच सांगतील, माळवदानं. दगड-मातीच्या दोन-दोन फूट रुंद भिंती, त्यावर लाकडं आणि वर मातीचा जाड थर, ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. किल्लारीचा भूकंप जपानच्या हिशोबानं फार मोठा नव्हता, पण पायाखाली उथळ झाला आणि घरं तशी होती. जपानमधली राहती घरं बहुतेक हलक्या लाकडी सांगाड्याची असतात, भूकंपासाठीचे बांधकामाचे नियम तिकडं १९८१ मध्ये बरेच कडक केले, त्यानंतरचं घर हलतं, करकरतं, पण सहसा अंगावर येत नाही. मोठा धक्का यायच्या काही सेकंद आधी मोबाइल ओरडतो, ही सूचना २००७ पासून सगळ्या लोकांना मिळते. आणि हलण्याची तीव्रता ते शून्य ते सात अशी मोजतात, दोन-तीनचे धक्के म्हणजे तिकडं दिवा हलला इतपत, लोक जेवण थांबवत नाहीत. त्या रात्री तिकडचा आकडा किती होता ते लेकीला विचारा आणि आजींना सांगा.

लेकीला तीन गोष्टी विचारून घ्या. हललं तर घरात कुठल्या टेबलाखाली जायचं, रात्री बॅटरी कुठं ठेवलीय, आणि गावातली जमायची शाळा किंवा मैदान कुठलं. तिनं ते तिथल्या आईला विचारायचं आणि आजीला व्हिडिओवर दाखवायचं. आजीला डोळ्यांनी दिसलं की त्या दोन घास खातील.

तिकीट कधी काढायचं तेही सांगते. कुणी नको तसा हात लावला, नको तसं बोललं, पासपोर्ट किंवा फोन काढून घेतला, चार-पाच दिवस पोटात काही राहत नाही, किंवा ती रडायचीही थांबली आणि कशातच लक्ष लागेना, यातलं एकही असेल तर दोन आठवडे बघू असं म्हणायचं नाही, त्याच दिवशी ज्या संस्थेनं पाठवलंय तिथल्या समन्वयकाला फोन करायचा. कुटुंब बदलून देतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि अडचण आली तर टोकियोत आपला दूतावास आहेच. लेकीला दोन नंबर पाठ करायला लावा, पोलिसांसाठी ११० आणि ॲम्ब्युलन्ससाठी ११९.

प्रश्न : ताई, मी छत्रपती संभाजीनगरचा, बारावीला आहे. सुट्टीत जपानच्या नारा इथं होमस्टेला चाललोय. त्या फॅमिलीसाठी गिफ्ट काय नेऊ? बजेट हजार रुपये. आई म्हणते आंबे ने.

उत्तर : आंबे नको रे बाळा, ताजी फळं, मिरच्या, कढीपत्ता असलं विमानतळावरच काढून घेतील. मांसाचं तर काहीच चालत नाही. घरात औषधं असतील तीही बघून घे, सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, त्याचं प्रमाण जास्त असेल तर जपानमध्ये नेता येत नाही, आणि रोजचं औषध असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेव.

तू नाऱ्याला चाललायस म्हणून तुझ्यासाठी एक खास गोष्ट आहे. तिथून जवळच होर्युजी नावाचं खूप जुनं देऊळ आहे, तिथल्या भिंतीवरची बोधिसत्त्वाची चित्रं अभ्यासक आपल्या अजिंठ्याच्या चित्रांशेजारी ठेवून बघतात. ती मूळ चित्रं १९४९ च्या आगीत जळाली. आपलं लेणी क्रमांक एकमधलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र अजून आहे. तर तू त्या पद्मपाणीचं चांगलं छापलेलं चित्र आणि अजिंठ्याची पोस्टकार्डं घे, उरलेल्या पैशात हिमरूचं एखादं छोटं पाकीट किंवा रुमाल आणि वेगवेगळ्या पुड्यांतली चिक्की. आजोबा-आजी घरात असतील तर चित्र त्यांच्या हातात दे, दोन्ही हातांनी. लगेच उघडलं नाही तर आवडलं नाही असं समजू नको, तिकडं पाहुणा गेल्यावर उघडायची पद्धत आहे, पण तू तिथंच राहणार आहेस तर तूच म्हण, उघडा ना. मग त्यांनाच विचार मला होर्युजी बघायला न्याल का. जायच्या आधी मात्र एकदा अजिंठ्याला जाऊन ये, तुझ्या गावापासून शंभर किलोमीटरच आहे, सोमवारी बंद असतं.