छिन्नी पहिल्याच घावाला तुटली, त्याबद्दल

स्प्रिंगच्या जुन्या पट्टीची छिन्नी केलीत, लालभडक तापवून पाण्यात बुडवलीत आणि पहिल्याच घावाला टोक उडालं. पोलादच खराब निघालं का, असा तुमचा प्रश्न. इतक्यात पोलादाला दोष देऊ नका. तुटलेला तुकडा आधी उजेडात धरून त्याची तुटलेली बाजू बघा.

जाड्या साखरेसारखे चमचमते कण दिसले, तर भट्टीत जास्त तापलं. राखाडी आणि मखमलीसारखं बारीक दिसलं, तर ताव बरोबर होता, टेम्परिंग (कडक केल्यावर पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा घालवणं) राहिलं. आत एखादा काळपट पट्टा असेल, तर तडा पाणी द्यायच्या, म्हणजे तापलेलं पोलाद बुडवून कडक करायच्या, आधीचाच: एकतर जुन्या स्प्रिंगमध्ये होता, नाहीतर पोलादाची लाली गेल्यावरही तुम्ही ठोकत राहिलात. माझ्या पहिल्या तिन्ही छिन्न्या मी रागारागाने भंगारात भिरकावल्या होत्या. एका जुन्या सोबत्याने त्या उचलून आणल्या आणि नुसत्या समोर ठेवल्या. तिन्हींत साखर!

आता पुढच्या वेळी. घडवून झाल्यावर पाणी द्यायची घाई नको. लाल करून हवेत आपोआप काळी पडू द्यायची, असं दोन-तीनदा, म्हणजे फुगलेले कण पुन्हा बारीक होतात. मग तापवताना चुंबक जवळ ठेवा. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं; त्यापुढे थोडंसंच वर न्यायचं. नुसत्या रंगावर जाऊ नका, उन्हात रंग फसवतो. भट्टी सावलीत हवी ती याचसाठी. स्प्रिंगच्या पोलादाला पाण्यापेक्षा कोमट तेल बरं, पाण्यात तडे जातात. तेल लोखंडी डब्यात, झाकण हाताशी, कारण भडका उडतो. छिन्नी उभी बुडवा आणि फक्त धारेकडचा भाग. ठोकायची बाजू मऊच राहू दे. ती कडक झाली तर हातोड्याखाली तिचे कपचे उडतात आणि ते डोळ्याकडेच येतात, असा माझा अनुभव आहे. चष्मा लावाच.

तेलातून निघालेली धार काचेसारखी ठिसूळ असते. लगेच पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा आणि मागच्या बाजूने हळूहळू तापवा. फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग धारेकडे सरकत येतात. छिन्नीला धारेवर जांभळा आला की, म्हणजे २८० अंशांच्या आसपास, थांबवा. ही पायरी राहिली असेल, तर बाकी सगळं अचूक करूनही ती तुटणारच होती.

मनगट दुखतं म्हणालात. बहुतेक जण हातोडा बदलतात. मी आधी सांडशी बघेन. जबडा कामाला बसत नसेल तर माणूस नकळत मूठ आवळून धरतो आणि दोन्ही हात दमतात. सांडशीचं तोंड लाल करून, जी सळई धरायची त्याच सळईवर दाबून घ्या.

आणि जस्ताचा मुलामा असलेला पाइप भट्टीत घालायचा विचार सोडा. त्या धुराने ताप भरतो, श्वासाला त्रास होतो. उघड्यावर करतोय म्हणूनही नको.

तुकड्याचा जवळून फोटो पाठवा. तोवर दोन्ही अर्धे एकमेकांना जोडून बघत बसू नका, कण चुरडले की काहीच कळत नाही.