हॉल्टच्या रात्री गाडीत झोपतोस, म्हणून

चि. लेकरास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, भाड्याने गाडी केलेली पार्टी लॉजमध्ये झोपते आणि आपण ड्रायव्हर गाडीत; मध्यरात्री पोलिसांनी काच वाजवली तर गुन्हा लागतो का? मी तेव्हा एसटीत होतो, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

गाडीत झोपणं हा गुन्हा नाही. मोटार वाहन कायद्यात तसं कलमच नाही. उलट 2012 साली रामलीला मैदानाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने झोप हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरला. पण हे पाठ करून हवालदाराला ऐकवत बसू नकोस. त्याला तुझ्या झोपेशी देणंघेणं नसतं. गाडी कुठं उभी आहे आणि आत कोण आहे, एवढंच त्याला बघायचं असतं.

आधी गाडीचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 122 म्हणतं, इतरांना धोका, अडथळा किंवा नाहक त्रास होईल अशी गाडी सार्वजनिक जागी उभी ठेवायची नाही. तू आत घोरत असलास तरी नो पार्किंग ते नो पार्किंगच. एसटी स्टँडपासून 200 मीटरच्या आत खासगी प्रवासी गाडी लावायला मनाई आहे, हे पिवळ्या पाटीवाल्याने तर विसरूच नये. स्टँडसमोर उजेड असतो, चहा मिळतो म्हणून नवी पोरं तिथंच लावतात आणि पहाटे दंड भरतात.

आता कलम 126. ते फारसं कुणी वाचत नाही. ड्रायव्हरच्या सीटवर लायसनवाला माणूस नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला पाहिजे. म्हणजे एसी चालू ठेवून मागच्या सीटवर आडवं व्हायचं, ही जी सगळ्यांची आवडती युक्ती आहे, ती कायद्यातच बसत नाही. मला मात्र कलमापेक्षा धुराची भीती जास्त वाटते. बंद शेडमध्ये किंवा भिंतीला मागची बाजू टेकवून गाडी चालू ठेवली, की सायलेन्सरमधला कार्बन मोनॉक्साईड आत शिरू शकतो. त्याला ना वास ना रंग. झोपलेला माणूस उठतच नाही. मे महिन्यात परभणीला रात्रीसुद्धा पत्रा गार होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी इंजिन बंदच. दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन बोटं खाली, आतून चुंबकाची मच्छरदाणी, आणि गाडी सकाळचं ऊन उशिरा येईल अशा तोंडाने लाव.

समृद्धी महामार्गावर तर कडेला थांबायचा विचारही करू नकोस. तिथं कारला 120 ची मर्यादा आहे. पहाटे मागून येणाऱ्याचे डोळे मिटत असतील तर तुझे पार्किंग लाइट त्याला दिसले काय, न दिसले काय. ऑक्टोबर 2023 मध्ये वैजापूरजवळ रस्त्यात थांबवलेल्या ट्रकवर मागून मिनीबस आदळली आणि 12 जण गेले. डोळे जड झाले तर पेट्रोल पंप गाठ, नाहीतर जालना किंवा सावंगीला खाली उतर. टोलचे चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत.

आता आतल्या माणसाचं. महाराष्ट्र पोलीस कायद्यातही एक कलम 122 आहे, आणि हवालदाराच्या तोंडी असतं ते हेच. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी माणूस एखाद्या वाहनात सापडला आणि तिथं का आहे हे त्याला समाधानकारक सांगता आलं नाही, तर गुन्हा नोंदवता येतो. म्हणून टॉर्च काचेवर पडली की आधी आतला दिवा लाव, दोन्ही हात दिसू देत, मग काच खाली घे. ‘साहेब, लातूरहून पार्टी आणलीय, अमुक लॉजला उतरलीय, सकाळी सहाला दर्शन आहे.’ एवढं बास. पार्टीचा नंबर, लॉजचं नाव आणि डिजिलॉकरमधलं लायसन, आरसी हाताशी ठेव. झोपेतून उठवलं म्हणून आवाज चढवलास, की साधी चौकशीही ठाण्यापर्यंत जाते.

आणि ‘मी चालवली कुठं, नुसता झोपलो होतो’ हे दारूच्या बाबतीत चालेल असं कुणी सांगितलं असेल तर ऐकू नकोस. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 चालवणाऱ्याइतकंच चालवायचा प्रयत्न करणाऱ्यालाही लागतं. स्टिअरिंगमागे तू, किल्ली लावलेली, तोंडाला वास, मग प्रयत्न होता की नव्हता हे कोर्टात सिद्ध करत बस. तोवर भाडी कोण मारणार?

जागा म्हणशील तर ट्रकवाले लावतात तो ढाबा सगळ्यात बरा. तिथं कुणीतरी जागं असतं. जेवण तिथंच कर आणि मालकाला तोंडावर विचार, पहाटेपर्यंत लावू का? जागा त्याची, नाही म्हणाला तर निघायचं. कन्नडच्या पुढं गौताळ्याच्या झाडीत शांत वाटतं, पण ते अभयारण्य आहे, वन खात्याच्या परवानगीशिवाय रात्री तिथं राहता येत नाही.

खरं तर हॉल्ट असेल तर तू गाडीत झोपावंसच का? ॲडव्हान्स घेतानाच ड्रायव्हरच्या अंथरुणाचं बोलून घ्यावं, मागाहून मागितलं की भीक मागितल्यासारखं होतं. तुळजापूरची आई दसऱ्यापासून पौर्णिमेपर्यंत पलंगावर श्रमनिद्रा घेते, हे तिच्याच दर्शनाला निघालेल्या पार्टीला हसत हसत सांगायला काय हरकत आहे? नांदेडच्या पार्टीबरोबर गेलास तर गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात चौकशी कर, लंगर आहेच. कोजागरीच्या आसपास मात्र तुळजापूरचं भाडं घेण्याआधी रस्ता विचारून घे. सोलापूरकडून पायी येणाऱ्यांमुळे वाहतूक दुसरीकडून वळवतात, आणि गाड्या गावाबाहेरच्या पार्किंगला लावायला लागतात. तिथून लॉज लांब पडेल, तेव्हा अंथरूण-पांघरूण डिकीत असू दे.

पोचलास की मेसेज टाक. फोन नको, मी नऊलाच झोपतो.

तुझा,
काका