ड्रायव्हरच्या इनिट फंक्शनला कॉल करतं तरी कोण?

प्रश्न: लिनक्स कर्नलचा सोर्स वाचतोय. प्रत्येक ड्रायव्हरच्या शेवटी 'मॉड्यूल_इनिट' अशी एक ओळ दिसते, पण ते इनिट फंक्शन कॉल कुठून होतं ते सापडत नाही. ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) करून दमलो. बूट होताना ड्रायव्हर सुरू कोण करतं, आणि कोणता आधी, कोणता नंतर हे कुठे लिहिलंय?

उत्तर:

ग्रेप करून ते मिळणारच नाही. तो कॉल सोर्समध्ये कुठेही नावाने लिहिलेला नाही. सगळ्या इनिट फंक्शनांची यादी आहे, पण ती कुठल्या सी फाइलमध्ये नाही. कर्नल लिंक होताना लिंकर, म्हणजे ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) जोडून एक कर्नल बनवणारा प्रोग्राम, ती तयार करतो.

पूर्वी असं नव्हतं. 2.2 च्या काळातला कर्नल उघडून पाहिलात तर कॅरेक्टर डिव्हाइसच्या फाइलमध्ये एक लांबलचक फंक्शन दिसेल: हा ड्रायव्हर कॉन्फिगमध्ये चालू असेल तर त्याचं इनिट बोलव, तो असेल तर त्याचं, अशा इफडेफांची (कंपाइल होताना तपासल्या जाणाऱ्या अटींची) रांगच. नवा ड्रायव्हर घालायचा म्हणजे त्या सामायिक फाइलला हात लावणं आलं, आणि दोघांनी एकाच वेळी लावला की पॅच एकमेकांवर आदळणार. आजची पद्धत या कटकटीतून सुटायला आली.

आज होतं ते असं. ड्रायव्हर कर्नलच्या आतच बिल्ड होत असेल, म्हणजे कॉन्फिगमध्ये त्याच्यापुढे 'वाय' असेल, तर मॉड्यूल_इनिट हा मॅक्रो तुमच्या फंक्शनचा पत्ता एका छोट्या नोंदीत ठेवतो आणि ती नोंद '.इनिटकॉल6.इनिट' नावाच्या सेक्शनमध्ये (ऑब्जेक्ट फाइलच्या एका कप्प्यात) टाकतो. मॅक्रोचं काम तिथे संपलं. हजारो ऑब्जेक्ट फाइलींमधल्या या नोंदी लिंकर गोळा करून एकापाठोपाठ एक रचतो, आणि प्रत्येक गट कुठे सुरू होतो हे सांगणारी चिन्हं लावतो. बूटच्या वेळी 'डू_इनिटकॉल्स' या फंक्शनमधला साधा फॉर लूप या चिन्हापासून त्या चिन्हापर्यंत चालत जातो आणि जो पत्ता मिळेल तो कॉल करतो. त्याला तुमच्या ड्रायव्हरचं नावही माहीत नसतं. हा लूप 'इनिट' डिरेक्टरीतल्या मेन.सी मध्ये आहे; आधी तो वाचा, दहा मिनिटांचं काम आहे.

तिथवर पोचेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. स्टार्ट_कर्नल सुरू होतं तेव्हा एकच सीपीयू जागा असतो आणि इंटरप्ट (हार्डवेअरकडून सीपीयूला येणाऱ्या हाका) बंद असतात. मेमरी, शेड्यूलर, इंटरप्ट, टायमर, सुरुवातीचा कन्सोल या सगळ्यांना मात्र तिथे थेट नावाने हाक मारलेली आहे, कारण त्यांचा क्रम नशिबावर सोडून चालत नाही. शेवटी रेस्ट_इनिट दोन थ्रेड तयार करतं. पहिला 'कर्नल_इनिट', त्याला पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) 1 मिळतो. दुसरा 'केथ्रेडडी', त्याला 2. यातली गंमत अशी, की 1 हा आकडा मिळावा म्हणून कर्नल_इनिट आधी जन्माला घातला जातो, पण केथ्रेडडी तयार होईपर्यंत त्याला थांबवून ठेवतात, कारण बाकीचे कर्नल थ्रेड केथ्रेडडीमार्फतच जन्मतात. आणि इथवर सगळं ओढत आणणारा मूळ थ्रेड पुढे आयडल होऊन पडून राहतो. तुमची इनिट फंक्शनं चालवतो तो पीआयडी 1. हाच थ्रेड पुढे युजरस्पेसमधला इनिट, म्हणजे बहुतेक ठिकाणी सिस्टमडी, होतो.

आता क्रमाचं. सेक्शनच्या नावातला 6 म्हणजे पातळी. 0 ते 7 अशा पातळ्या आहेत: प्युअर, कोअर, पोस्टकोअर, आर्च, सबसिस, एफएस, डिव्हाइस आणि लेट. त्यांच्याही आधी 'अर्ली' आहे. ती इतर सीपीयू जागे होण्यापूर्वीच चालते. लग्नाच्या पंगतींसारखंच आहे हे: आधीची पंगत उठल्याशिवाय पुढची बसत नाही. मॉड्यूल_इनिट वापरणारे सगळे सहाव्या पंगतीला.

मग एकाच पंगतीत कोण कुणाच्या आधी? तर मेकफाइलमध्ये ज्याची ओळ वर, तो आधी. लिंकर ज्या क्रमाने ऑब्जेक्ट फाइली घेतो त्याच क्रमाने नोंदी रचतो. हे वाचून पुष्कळांचा विश्वास बसत नाही, म्हणून 'ड्रायव्हर्स' डिरेक्टरीतली मेकफाइल उघडून बघाच. जीपीआयओ (साध्या इनपुट-आउटपुट पिना) हे पिनकंट्रोलच्या (पिनांचं काम ठरवणाऱ्या भागाच्या) नंतरच आलं पाहिजे, रेग्युलेटर (वीज पुरवणारे भाग) लवकर घ्या कारण इतर सबसिस्टम त्यांच्यावर अवलंबून आहेत, अशा कॉमेंट तिथे चक्क लिहून ठेवल्यात. म्हणजे 'कुठे लिहिलंय' याचं निम्मं उत्तर मॅक्रोच्या निवडीत आहे आणि निम्मं मेकफाइलमधल्या ओळींच्या क्रमात.

पण खरा घोटाळा याच्या पुढे आहे, आणि तुम्ही ड्रायव्हर लिहिणार असाल तर उत्तरातला हाच भाग जास्त कामाचा. इनिट फंक्शन चाललं म्हणजे हार्डवेअर सुरू झालं असं नाही. बहुतेक ड्रायव्हरांचं इनिट एवढंच करतं, की बसला (डिव्हाइस आणि ड्रायव्हर यांची गाठ घालणाऱ्या कर्नलच्या भागाला) जाऊन सांगतं, 'मी आलोय, माझ्या जोगतं डिव्हाइस दिसलं तर मला बोलवा.' आर्मच्या बोर्डांवर डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डावर काय काय आहे ते सांगणाऱ्या वर्णनातून) डिव्हाइसं तयार होतात ती तिसऱ्या पातळीच्या शेवटी. डिव्हाइसची 'कम्पॅटिबल' स्ट्रिंग आणि ड्रायव्हरच्या टेबलमधली स्ट्रिंग जुळली, की बस त्या ड्रायव्हरचं 'प्रोब' कॉल करते. रजिस्टरं लिहिणं, क्लॉक चालू करणं, इंटरप्ट मागून घेणं ही सगळी खरी कामं प्रोबमध्ये होतात.

नेहमी दिसणारं उदाहरण घ्या. आयटूसी बसवर (चिप एकमेकींना जोडणाऱ्या दोन तारांच्या जोडणीवर) टचस्क्रीन कंट्रोलर आहे, आणि त्याला वीज देणारा रेग्युलेटर दुसऱ्याच आयटूसी बसवरच्या पॉवर चिपमध्ये आहे. टचस्क्रीनचं प्रोब आधी चाललं. त्याने रेग्युलेटर मागितला. डिव्हाइस ट्रीत त्याचा उल्लेख आहे, पण तो अजून नोंदवलेला नाही. अशा वेळी प्रोब उणे 517 परत करतं. हा ईप्रोब_डिफर. 2012 मध्ये 3.4 कर्नलपासून ही सोय आली. त्याचा अर्थ 'बिघडलंय' असा नाही. 'आत्ता नाही, नंतर पुन्हा विचारा' असा आहे. कर्नल त्या डिव्हाइसला थांबलेल्यांच्या यादीत टाकतो आणि पुढे कुठलंही डिव्हाइस यशस्वीपणे जोडलं गेलं की यादीतल्या सगळ्यांना पुन्हा एक संधी देतो. मात्र हे पुन्हा विचारणं सुरू होतं ते सातव्या, लेट पातळीला. तोपर्यंत थांबलेले थांबलेलेच राहतात. एखादा ड्रायव्हर 'उगाच उशिरा' येताना दिसतो त्यामागे बरेचदा एवढंच कारण असतं.

पूर्वी लोक यावर पातळी बदलण्याचा उपाय करत. टचस्क्रीनला रेग्युलेटर मिळत नाही? मग पॉवर चिपचा ड्रायव्हर सबसिस_इनिटकॉलवर न्या. तरी जमलं नाही तर टचस्क्रीन लेटवर ढकला. जुन्या ड्रायव्हरांमध्ये हे अजूनही सापडतं, आणि विक्रेत्यांनी दिलेल्या कर्नलमध्ये तर फारच. माझ्याकडे रिव्ह्यूला असा पॅच आला की मी पहिल्यांदा विचारतो, प्रोबमधून एरर कोड जसाच्या तसा वर जातोय का? दहातल्या नऊ वेळा ड्रायव्हरने मधेच 517 गिळून त्याच्या जागी 'ईनोडेव्ह' ('असं डिव्हाइसच नाही') परत केलेला असतो. ते दुरुस्त केलं की पातळीला हात लावायची गरजच उरत नाही. पातळी बदलून एका बोर्डावरचा प्रश्न सुटेल, पण त्याच चिपच्या दुसऱ्या बोर्डावर दुसरीच जोडी उलट्या क्रमात येईल.

आणखी एक गोष्ट बघून ठेवा. बिल्ट-इन इनिट फंक्शनने एरर परत केली तर बूट थांबत नाही. लूप ती परत आलेली किंमत वापरतच नाही, पुढच्याकडे वळतो. इंटरप्ट बंद करून परत आलात किंवा प्रीएम्प्शनचा (चालू काम मधेच बाजूला सारता येतं का याचा) हिशेब चुकवलात, तर मात्र तो इशारा छापतो आणि स्वतःच निस्तरतो.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल तर कर्नलच्या कमांड लाइनमध्ये 'इनिटकॉल_डीबग' घालून बूट करा. प्रत्येक फंक्शनसाठी दोन ओळी येतात: एक 'कॉलिंग' म्हणणारी, आणि दुसरी काय परत आलं आणि किती मायक्रोसेकंद लागले ते सांगणारी. 'कॉलिंग' ओळीत 'ॲट' चिन्हापुढे 1 दिसतो, तो वर सांगितलेला पीआयडी 1. पुढे त्या जागी मोठा आकडा दिसायला लागला तर समजा, की ते फंक्शन मॉड्यूल (वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेला, नंतर लोड होणारा ड्रायव्हर) लोड करणाऱ्या प्रोसेसमधून आलंय. या ओळी डीबग लेव्हलला छापल्या जातात, त्यामुळे कन्सोलवर दिसल्या नाहीत तरी डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या कमांडमध्ये) मिळतील. ओळी भरपूर असतात, तेव्हा लॉगचा बफर वाढवून घ्या, नाहीतर पहिला भाग पुसला जाईल. अडकलेल्या प्रोबांसाठी डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या डीबगिंगसाठीच्या फाइलसिस्टममध्ये) 'डिव्हाइसेस_डिफर्ड' नावाची फाइल आहे. कोण थांबलंय ते तिच्यात दिसतंच, आणि ड्रायव्हर नीट लिहिलेला असेल तर का थांबलंय तेही. बूट एखाद्या इनिटकॉलमध्येच अडकत असेल तर 'इनिटकॉल_ब्लॅकलिस्ट' देऊन तेवढं फंक्शन वगळता येतं. पुन्हा बिल्ड करावं लागत नाही.

फंक्शनच्या आधी लिहिलेलं '__इनिट' पाहिलं असेलच. त्यामुळे तो कोड वेगळ्या सेक्शनमध्ये जातो, आणि सगळे इनिटकॉल संपले, असिंक (समांतर चालणारे) प्रोबही पूर्ण झाले, की ती मेमरी मोकळी केली जाते. बूटच्या शेवटी 'फ्रीइंग अनयूज्ड कर्नल' अशी जी ओळ येते ती हीच. म्हणून नंतर कधीही चालू शकणाऱ्या फंक्शनमधून __इनिटवाल्या फंक्शनला कॉल करू नका. बिल्ड होताना 'सेक्शन मिसमॅच' असा इशारा मिळतो, तो दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

राहिली मॉड्यूलं. कॉन्फिगमध्ये 'एम' असेल तर तोच मॅक्रो वेगळं काम करतो: तुमच्या फंक्शनला 'इनिट_मॉड्यूल' असं दुसरं नाव देतो, आणि लोडर फाइल मेमरीत आणून ते कॉल करतो. इथे पातळ्या उरतच नाहीत. सबसिस_इनिटकॉल लिहिलंत तरी मॉड्यूल म्हणून बिल्ड करताना त्याचं साधं मॉड्यूल_इनिट होतं. लोड कधी होणार ते युडेव्ह (डिव्हाइस सांभाळणारा युजरस्पेसमधला प्रोग्राम) ठरवतं: डिव्हाइस दिसलं की कर्नल एक यूइव्हेंट (सूचना) पाठवतो, त्यातली मॉडअलायस स्ट्रिंग (डिव्हाइसची ओळख) डेपमॉड या कमांडने बनवलेल्या फाइलशी ताडून मॉडप्रोब ही कमांड योग्य मॉड्यूल उचलते. तुम्ही वाचताय तो ड्रायव्हर तुमच्या मशीनवर यातल्या कुठल्या वाटेने येतोय हे आधी पाहून घ्या. चालू कर्नलच्या मॉड्यूल डिरेक्टरीत 'मॉड्यूल्स.बिल्टइन' नावाची फाइल असते. तिथे त्याचं नाव असेल तर तो इनिटकॉलच्या लूपमधून येतोय, नाहीतर एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी देणाऱ्या कमांडमध्ये) शोधा.